रिसर्च स्पेशालिस्टची नोकरी, त्यातले शोध आणि पेटंटवरचं नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे: बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी झाली आहे, पीएच.डी. नाही, आणि विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेतून ‘रिसर्च स्पेशालिस्ट’ या पदासाठी बोलावणं आलं आहे. या पदावरचा माणूस खरंच काही शोध लावतो, की जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करत बसतो? आणि शोध लागलाच, तर तो कुणाचा?

मी या कामात पंचवीस वर्षं काढली. तीन प्रयोगशाळा, पाच प्राध्यापक, दोन पेटंटांवर नाव, आणि एक ‘शोध’ जो माझ्या आधीच दुसऱ्या कुणीतरी लावून ठेवला होता. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी उत्तर: दुरुस्ती जन्मभर करावी लागते. पण मी जे काही शोधलं ते सगळं दुरुस्ती करतानाच सापडलं, स्वस्थ बसून विचार करताना एकही नाही.

या पदाचं नाव प्रत्येक विद्यापीठात वेगळं असतं, काम मात्र सारखंच. प्राध्यापकांचा जीव पुढच्या अनुदानात अडकलेला असतो. विद्यार्थी चार-पाच वर्षांसाठी येतात, यंत्र हाताळायला शिकतात आणि नेमकं हात बसल्यावर निघून जातात. मागे उरता तुम्ही. कुठल्या पंपाचा कोणता व्हॉल्व्ह अडकतो, कोणती केबल हलवली की सिग्नल जातो, २०११ साली अमुक प्रयोग का फसला, हे सगळं तुमच्या डोक्यात असतं. ते कुठेही लिहिलेलं नसतं, आणि तिथेच खरी गोम आहे.

पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे बहुतेक विजेचा गुणगुणाटच येईल. ईसीजीचा सर्वांत उंच टोकाचा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्ट असतो, मेंदूचा ईईजी तर दहा-वीसपासून शंभरएक मायक्रोव्होल्टपर्यंतच. याउलट कातडीवर चिकटवलेला इलेक्ट्रोड स्वतःच काहीशे मिलिव्होल्टचा स्थिर विद्युतदाब (व्होल्टेज) तयार करू शकतो. त्यात खोलीभर पसरलेल्या विजेचा ५० किंवा ६० हर्ट्झचा गोंगाट. म्हणजे ढोल वाजत असताना कुणाची कुजबूज ऐकायची, असा मामला. नवखा माणूस लगेच फिल्टर लावतो. फिल्टरने आवाज जातो खरा, पण लाटेचा आकारही बदलतो, आणि मग सहा महिन्यांनी कुणीतरी त्या बदललेल्या आकाराला रोगाचं लक्षण समजून शोधनिबंध लिहायला घेतं. मी आधी वायरी उचलून बघतो, अर्थिंग दोन ठिकाणाहून तर येत नाही ना ते तपासतो, एकेक उपकरण बंद करत जातो. फिल्टर अगदी शेवटी.

आता त्या ‘शोधा’बद्दल. आमच्याकडे उंदराचं हृदय शरीराबाहेर काढून जिवंत ठेवायचा प्रयोग चालायचा. महाधमनीत नळी बसवायची आणि क्षार-साखरेचं ३७ अंशांचं द्रावण, ९५ टक्के ऑक्सिजन व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड विरघळवून, हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतून सोडायचं. तासन्‌तास धडधडतं ते. पण आमची हृदयं मध्येच अडखळायची आणि थांबायची. काही दिवस उत्तम, काही दिवस एकामागून एक तीन गेली. दोष एका विद्यार्थिनीवर आला, कारण फसलेले प्रयोग बहुतेक तिच्याच पाळीतले होते. तिचा हात हलका नाही, असं ठरलं.

मी दोन आठवडे तिच्याशेजारी बसून राहिलो. हात तिचा माझ्यापेक्षा चांगला होता. मग वहीत नोंदी चाळताना एक गोष्ट दिसली: ज्या दिवशी खोलीचा एसी कडक असायचा त्याच दिवशी हृदयं जायची, आणि तिला गार खोलीत काम करायची सवय होती. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो. द्रावण गार खोलीत वायूने भरलं, मग तापवणाऱ्या नळीतून ३७ अंशांवर गेलं, की जादाचा वायू बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. ते बुडबुडे हृदयाच्या केसासारख्या वाहिन्यांत अडकत होते. बुडबुडे धरायचा सापळा आमच्याकडे होता, पण तो तापवणाऱ्या नळीच्या आधी. ज्याने कुणी मूळ मांडणी केली त्याने तो हाताला सोपा पडेल तिथे लावला होता.

मी नळीच्या पुढे, हृदयाच्या अगदी जवळ, एक छोटी डबी बसवली. तिच्या झाकणात पाणी न शोषणारा सच्छिद्र टेफ्लॉनचा पडदा. आत दाब असल्यामुळे वायू पडद्यातून निघून जातो, पाणी आतच राहतं. सापळा रिकामा करायची गरजही नाही. मला वाटलं, आपण जग जिंकलं. विद्यापीठाच्या पेटंट कार्यालयात अर्ज भरला. त्यांनी शोध घेतला आणि तिथल्या बाईंनी मला शांतपणे दाखवलं की शिरेतून औषध देण्याच्या नळ्यांवर जे फिल्टर असतात, त्यांत हवा काढून टाकायला हीच युक्ती कितीतरी आधीपासून वापरली जाते. पेटंट नाही. प्रयोग मात्र पुढे सुरळीत चालले, आणि त्या विद्यार्थिनीवरचा ठपका गेला. तेव्हापासून कानाला खडा: कार्यालयात जाण्याआधी पेटंटांचा शोध स्वतः घ्यायचा, आणि तो आपल्या शाखेत नव्हे, शेजारच्या शाखांत घ्यायचा.

‘दुरुस्तीवाला’ या शब्दाची लाज वाटत असेल तर दोन-तीन माणसांकडे बघा. अर्ल बाकेन मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयातली उपकरणं दुरुस्त करायचे. तेव्हाचे पेसमेकर भिंतीतल्या विजेवर चालत. ३१ ऑक्टोबर १९५७ला शहराची वीज गेली आणि त्या रुग्णालयात एक बाळ दगावलं. शल्यविशारद वॉल्टन लिलेहाय यांनी बाकेनना बॅटरीवर चालणारं काहीतरी करता येईल का विचारलं. बाकेननी एका मासिकात छापलेल्या मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल देणाऱ्या यंत्राच्या, ट्रान्झिस्टर सर्किटवरून सुमारे चार आठवड्यांत हातात मावेल एवढी पेटी करून दिली. प्राण्यावर चाचणी व्हावी म्हणून ती दिली होती. दुसऱ्या दिवशी ते परत गेले, तर ती एका लहान मुलाच्या हृदयाला जोडलेली होती. आज असं कुणी केलं तर नैतिकता समिती त्याला सोडणार नाही, आणि ते बरंच आहे.

पेसमेकरचीच दुसरी गोष्ट लोक फार चुकीची सांगतात. विल्सन ग्रेटबॅच बफेलो विद्यापीठात शिकवत होते आणि हृदयाचे आवाज टिपायला एक सर्किट जोडत होते. १० किलोओहमचा रेझिस्टर हवा होता, हाती आला १ मेगाओहमचा. रंगपट्टे बघितले तर गफलत समजते: तपकिरी-काळा-नारिंगी हवा होता, लागला तपकिरी-काळा-हिरवा. सर्किट १.८ मिलिसेकंदांचा एक ठोका द्यायचं आणि मग सेकंदभर गप्प. त्यांनी ते लगेच ओळखलं. ‘चुकून लागलेला शोध’ म्हणून हे सांगितलं जातं. पण चुकीचा रेझिस्टर मी शंभर वेळा लावला आहे, मला एकदाही पेसमेकर सापडला नाही. ग्रेटबॅच १९५१च्या सुमारास प्राण्यांवरच्या संशोधनाच्या एका केंद्रात उपकरणं सांभाळत असताना शल्यविशारदांशी बोलून ‘हार्ट ब्लॉक’ म्हणजे काय ते समजून घेऊन बसले होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली संदेश पोचत नाही, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणून तो ठोका त्यांना हृदयासारखा ऐकू आला. ७ मे १९५८ला कुत्र्याच्या हृदयावर तो चालला, १९६०मध्ये माणसांत बसवला गेला, १९६२मध्ये पेटंट मिळालं.

आणि माझ्या मते त्यांचं मोठं काम त्यानंतरचं आहे, ज्याची गोष्ट कुणी सांगत नाही. त्या पेसमेकरमधल्या पाऱ्याच्या बॅटऱ्या साधारण दोन वर्षांत संपायच्या. म्हणजे रुग्णावर पुन्हा शस्त्रक्रिया. ग्रेटबॅचनी सर्किट बाजूला ठेवून बॅटरीचा पिच्छा धरला आणि लिथियम-आयोडाइडची बॅटरी पेसमेकरसाठी तयार केली. १९७२पासून ती शरीरात बसू लागली. कंटाळवाणा भाग कोणता आहे ते बघून त्यालाच भिडणं, हा आपल्या पदावरच्या माणसाचा स्वभाव असावा लागतो.

अमेरिकी संशोधक लेलंड क्लार्क यांचंही तसंच. रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रावरचा त्यांचा निबंध परत आला, कारण बाहेर येणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती हे मोजायची सोय नव्हती. प्लॅटिनमच्या तारेने मोजायची पद्धत माहीत होती, पण रक्तातली प्रथिनं तारेवर बसायची आणि ती निकामी व्हायची. १९५४मध्ये त्यांनी तारेवर पॉलिथिनचा पातळ पडदा ताणला. ऑक्सिजन आत जातो, प्रथिनं बाहेर राहतात. एवढंच. पुढे १९६२मध्ये त्याच टोकाशी ग्लुकोज खाणारं एन्झाइम अडकवून ठेवायची कल्पना मांडली: ग्लुकोज जितकं जास्त तितका ऑक्सिजन जास्त खर्च, तोच मोजायचा. आजची रक्तातली साखर मोजणारी यंत्रं त्याच घराण्यातली. यात नवं रसायन नाही. तारेवर घाण बसते ही तक्रार आणि तिच्यावर ताणलेला एक पडदा, बस.

आता श्रेयाचा प्रश्न, जो तुम्ही सर्वांत शेवटी विचारला पण बहुधा सर्वांत आधी मनात असणार.

व्हिव्हियन थॉमस यांचं नाव ऐकलं नसेल तर ऐका. अमेरिकेतले कृष्णवर्णीय, जन्म १९१०. डॉक्टर व्हायचं होतं, मंदीत बँक बुडाली आणि शिक्षणाची शिल्लक गेली. १९३०मध्ये ते शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागले आणि १९४१मध्ये त्यांच्याबरोबर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. जन्मजात हृदयदोषामुळे निळी पडणारी बाळं वाचवायची तर फुप्फुसाकडे जास्त रक्त न्यायला हवं, असं तिथल्या बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांनी सुचवलं. ती शस्त्रक्रिया कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा करून बसवली थॉमसनी. लागणारी काही हत्यारंही त्यांनीच घडवून घेतली. २९ नोव्हेंबर १९४४ला पहिल्या बाळावर ती झाली तेव्हा ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभे राहून थॉमस सांगत होते, टाका कुठे, कोणत्या दिशेने. १९४५च्या निबंधावर नावं दोन: ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमसना मानद डॉक्टरेट मिळाली १९७६मध्ये.

तुमच्या वाट्याला एवढा अन्याय येणार नाही. छोटे मात्र येतात. एका प्रकल्पासाठी मी वर्षभर खपून मोजमापाचं आख्खं यंत्र बांधलं, आणि निबंध छापून आला तेव्हा माझं नाव आभाराच्या ओळीत, काचकाम करणाऱ्या कारागिराच्या शेजारी. तो कारागीर उत्तम होता, तक्रार त्याची नाही. चूक माझीही होती. काम सुरू व्हायच्या आधी मी विचारलं नव्हतं. आता विचारतो, अगदी पहिल्या बैठकीत: ‘हे चाललं तर लेखकांत मी कुठे असेन?’ सुरुवातीला जीभ अडखळते. दोन-तीनदा विचारलं की सवय होते.

पेटंटाचा हिशेब मात्र निबंधापेक्षा वेगळा असतो आणि तो आपल्या बाजूचा असतो. निबंधावर कुणाला घ्यायचं हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. पेटंटावर संशोधक कोण हा कायद्याचा. अमेरिकी कायद्यात तर कसोटी सरळ आहे: कल्पना कुणाच्या डोक्यात पूर्ण आकाराला आली. पेटंटातल्या दाव्यांपैकी, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला ते सांगणाऱ्या कलमांपैकी, एकाच्या जरी कल्पनेत तुमचा खरा वाटा असेल तर तुमचं नाव हवं. नुसतं विभागप्रमुख असणं पुरत नाही, सांगितल्याबरहुकूम भाग जोडून देणंही पुरत नाही. नावं मुद्दाम चुकीची घातली तर पेटंटच धोक्यात येतं, म्हणून वकील या बाबतीत भिडस्त नसतात.

माझं दुसरं पेटंट असंच झालं. उंदरांच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी दंतसिमेंटने बसवलेली असायची आणि वरून केबल. आठवड्याभरात टोप्या निघायच्या, महिन्यांचं काम पाण्यात. सगळे सिमेंट बदलून बघत होते. मी एक रात्र पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसलो. उंदीर अंग चाटतो, मग मागच्या पायाने मान खाजवतो, आणि त्या झटक्यात पाय केबलीत अडकतो. रोज रात्री असे किती झटके. म्हणजे सिमेंट घट्ट करून उपयोग नव्हता. केबलच आधी सुटायला हवी होती. चुंबकाने धरलेला जोड केला, स्प्रिंगच्या टाचण्यांनी संपर्क, आणि टोपी उचकटायला लागेल त्याच्या बऱ्याच आधी सुटेल एवढीच पकड. पहिल्या नमुन्यात चुंबक हलला की तारांत खोटे सिग्नल यायचे. चुंबक टोपीच्या बाजूला कायमचा बसवून तारांची वाट बदलली तेव्हा ते थांबले. सुटण्याची कल्पना माझी, तारांची मांडणी एका विद्यार्थ्याची. दोघांची नावं लागली. प्राध्यापकांनी स्वतःहून सांगितलं की यात त्यांचं काही नाही. असे प्राध्यापक भेटणं हे नशीब.

हे सगळं सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं? वही. पानांना क्रमांक, रोजची तारीख, शाईने लिहिलेलं, दुसऱ्या माणसाची सही. त्या रात्रीचं चित्रही वेडंवाकडं का होईना, होतं.

दोन सापळे सांगतो, दोन्हीत भलेभले अडकले आहेत. पहिला: अर्ज दाखल करण्याआधी शोध जगजाहीर करायचा नाही. युरोपात अर्जाआधी कुठेही उघड झालं की नवेपणा संपला. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. परिषदेतलं पोस्टरही उघड करणंच ठरतं. दुसरा: सही. स्टॅनफर्ड विद्यापीठातला एक संशोधक एका कंपनीत पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, शिकायला गेला. विद्यापीठाशी त्याचा करार होता, ‘हक्क देण्याचं मान्य करतो’. कंपनीच्या दारात त्याने जो गोपनीयतेचा कागद सही केला त्यात होतं, ‘हक्क याद्वारे देतो’. रक्तातला एचआयव्ही मोजायच्या पद्धतीवरून पुढे खटला उभा राहिला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०११मध्ये विद्यापीठ हरलं. शब्दांतला फरक एवढाच: एकात पुढे देण्याचं वचन, दुसऱ्यात तिथल्या तिथे देऊन टाकलेला हक्क. दुसऱ्या संस्थेत जाताना समोर येणारा प्रत्येक कागद आधी विद्यापीठाच्या कार्यालयाला दाखवा.

मालकी बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचीच राहते, नोकरीच्या करारातच ते लिहिलेलं असतं. तुम्हाला मिळतं ते नाव आणि परवाना विकला गेला तर उत्पन्नातला हिस्सा. त्या हिश्शावर घर बांधायची स्वप्नं बघू नका. माझ्या जोडाचा परवाना उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीने घेतला, आणि दर वर्षी येणारी रक्कम बघून घरचे हसतात.

माणसाच्या शरीराला लागणारं काही बनवणार असाल तर अजून एक जग आहे, त्याची चुणूक देतो. थेट हृदयाला जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून रुग्णाकडे गळणारा विद्युतप्रवाह नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअरच्या वर जाऊ नये, एखादा बिघाड झाला तरी ५०च्या वर नाही, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. त्वचेला हा प्रवाह जाणवतही नाही, हृदयाला मात्र असे बारीक प्रवाह घातक ठरू शकतात. टेबलावर झकास चालणारा नमुना आणि ही अट पाळणारं उपकरण यांत वर्षं जातात. मला विचाराल तर ही मानकं पहिल्याच वर्षी वाचून काढा. प्रयोगशाळेत ती वाचलेला माणूस सहसा नसतो, आणि ते वाचन पुढे कंपन्यांत नोकरी मिळवून देतं.

नोकरीची बाजू रोखठोक सांगायची तर पद बहुधा अनुदानावर टांगलेलं असतं. अनुदान तीन ते पाच वर्षांचं, तुमचा पगारही तेवढाच पक्का. माझी दुसरी प्रयोगशाळा अशीच बंद झाली. प्राध्यापक निवृत्त झाले आणि मला तीन महिन्यांत दुसरीकडे जावं लागलं. तिथे उपयोगी पडलं ते हे, की आजूबाजूच्या चार प्रयोगशाळांची यंत्रं मी आधी फुकटात बघून दिलेली होती. पुढे बरेच जण विद्यापीठाच्या सामाईक उपकरण-केंद्रात जातात, तिथे पगार जास्त स्थिर असतो. काही कंपन्यांत जातात. पीएच.डी. नसल्याने स्वतःच्या नावावर अनुदान मिळणं बहुतेक ठिकाणी अवघड, हे मात्र मान्य करूनच या. त्याचं शल्य असेल तर आधी पीएच.डी. करा आणि मग ठरवा.

मुलाखतीला जाल तेव्हा प्राध्यापकांना नंतर भेटा. आधी तिथल्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा की या पदावर आधी कोण होतं, किती वर्षं होतं, आणि त्याचं नाव किती निबंधांवर आहे. मग यंत्रांच्या खोलीत जाऊन एखादी वही मागा. वही मिळाली आणि तिच्यात फसलेल्या प्रयोगांच्याही नोंदी असल्या, तर होकार द्यायला हरकत नाही.